करारावर सही कोणाची?

आमच्या सांगलीतल्या कट्ट्यावर गेल्या आठवड्यात जो वाद झाला, तो एका साध्या प्रश्नावरून निघाला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या आमच्यातल्या धाकट्या मित्राच्या कारखान्यात वेतनकराराची मुदत संपून बरेच महिने झाले आहेत, मागणीपत्र देऊन झाले आहे, आणि व्यवस्थापन "बसू, बसू" म्हणत तारखा पुढे ढकलत आहे. आता संपाची नोटीस द्यावी की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे, एवढेच त्याला विचारायचे होते. पण एसटीतून निवृत्त झालेले वाहक अण्णा, औद्योगिक न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकीलबाई आणि स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवणारे शेठ असे तिघे समोर असताना प्रश्न साधा राहणे शक्यच नव्हते. बोलणे २०२१-२२ च्या एसटी संपावर गेले आणि बराच वेळ तिथेच अडकून पडले. माझ्या मते ते योग्य ठिकाणी अडकले.

शेठनी सुरुवातीलाच हिशोब मांडला. साडेपाच महिने लालपरी बंद राहिली, खेड्यातल्या पोरांची शाळा बुडाली, महामंडळाचा तोटा वाढला, कामगारांचे पगार गेले. आणि जी वेतनवाढ हाती लागली ती तर २४ नोव्हेंबर २०२१ लाच जाहीर झाली होती. तेव्हाचे परिवहन मंत्री अनिल परब यांनी १० वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, १० ते २० वर्षे झालेल्यांना ४,००० आणि त्याहून जुन्यांना २,५०० अशी वाढ दिली होती. "एवढे पदरात पडल्यावर कोणताही शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. पुढचे पाच महिने कशासाठी?" असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

अण्णांना हा सवाल झोंबला. ते संपाच्या आधीच निवृत्त झाले असले तरी त्यांचा जीव अजून आगारातच असतो. त्यांनी शेठना एवढेच विचारले की नव्या वाहकाचे मूळ वेतन त्या वाढीआधी किती होते हे ठाऊक आहे का. ते होते १२,०८० रुपये. वाढ मिळून झाले १७,०८०. म्हणजे सरकारने एका फटक्यात ४१ टक्के वाढ दिली, आणि ज्या अर्थी ती देता आली त्या अर्थी इतकी वर्षे माणसांना किती कमी दिले जात होते हे सरकारनेच कबूल केले, असा अण्णांचा युक्तिवाद होता. मग ते मुक्कामी गाडीबद्दल बोलले. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन डोंगरातल्या गावी जायचे, देवळापुढे गाडी उभी करायची, चालकाने मागच्या लांब सीटवर आणि वाहकाने पुढच्या दोन सीटच्या मध्ये पत्र्याची पेटी आडवी लावून पाठ टेकायची, रोकडीची बॅग उशाखाली, पावसाळ्यात खिडकीच्या फटीतून येणारे पाणी अंगावर, आणि पहाटे उजाडायच्या आत गाडी धुऊन, दुधाच्या किटल्या आणि कॉलेजची मुले घेऊन परतीची फेरी. हिशोबात पैसे कमी भरले तर ते वाहकाच्या खिशातून. "हे सगळे करून त्याच रस्त्याने जाणाऱ्या पंचायत समितीच्या शिपायाचा पगार आपल्यापेक्षा जास्त आहे, हे पोरांना दिसत होते. म्हणून त्यांना नुसते पैसे नको होते, शासनाचा कर्मचारी हा शिक्का हवा होता," असे अण्णा म्हणाले.

विलीनीकरणाची, म्हणजे महामंडळ राज्य शासनात मिसळून टाकण्याची, मागणी पैशांपेक्षा मोठी का झाली, याचे इतके सरळ उत्तर मी दुसरीकडे ऐकलेले नाही. शेठही यावर थोडे गप्प झाले.

वकीलबाईंनी मात्र वादाची दिशाच बदलली. त्यांच्या मते मागणी रास्त होती की अवाजवी होती, हा इथला मूळ प्रश्नच नाही. तो संप इतका लांबला याचे कारण तडजोडीवर सही करणारा माणूस आणि आगारातल्या कामगाराने ज्याचे ऐकावे असा माणूस, हे दोन वेगळे झाले होते. त्यांनी क्रम सांगितला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण केले, २८ टक्के महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्यातली वाढ मान्य झाल्यावर नेत्यांनी आंदोलन मागे घेतले. तरी आगारे एकामागून एक बंद पडत गेली. नोव्हेंबरमध्ये ४१ टक्क्यांची वाढ जाहीर झाल्यावर आझाद मैदानावर पुढे असलेल्या सदाभाऊ खोत आणि गोपीचंद पडळकर यांनी तिथल्या आंदोलनातून माघार घेतली. कामगार मैदानातच बसून राहिले. डिसेंबरात, ज्या संघटनेने संपाची नोटीस दिली होती तिच्याच अध्यक्षांनी संप मागे घेतल्याचे सांगितले. तेव्हाही कोणी हलले नाही. तीन वेळा नेत्यांनी "झाले" म्हटले आणि तिन्ही वेळा कामगारांनी "झाले नाही" म्हटले. अशा वेळी सरकारने कितीही सद्बुद्धीने बोलायचे ठरवले तरी बोलायचे कोणाशी?

अण्णांचे म्हणणे पडले की हा दोष कामगारांचा नाही. मान्यताप्राप्त संघटना आणि महामंडळ यांच्यात चार-चार वर्षांचे करार होण्याची जुनी पद्धत सरकारनेच मोडली. २०१८ मध्ये करारावर सह्या होण्याची वाट न पाहता तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटींची वेतनवाढ स्वतःच जाहीर करून टाकली आणि त्याच जून महिन्यात कोणत्याही संघटनेने न पुकारलेला संप झाला. कामगाराला एकदा कळले की संघटनेच्या सहीशिवायही घोषणा होते, की त्याच्या लेखी संघटनेची किंमत संपते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मालकाला, मग तो सरकार असो वा शेटजी, कमजोर संघटना सोयीची वाटते. पण तंटा पेटल्यावर त्याच कमजोर संघटनेला आग विझवायला सांगावे लागते आणि ती विझवू शकत नाही.

इथे शेठनी गिरणी संपाचे नाव काढले, आणि वकीलबाईंना हवा तो धागा मिळाला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या साठएक गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. त्याआधीच्या दिवाळीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाने बोनसचा जो समझोता केला तो अनेक गिरण्यांतल्या कामगारांना मान्य नव्हता, आणि ते सामंतांच्या दारी गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड गिरण्यांत वाटाघाटीचा हक्क प्रातिनिधिक संघालाच दिलेला होता, आणि तो संघ होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे ज्याच्याकडे सही होती त्याच्यामागे कामगार नव्हते, आणि ज्याच्यामागे कामगार होते त्याच्या सहीला कायद्यात किंमत नव्हती. पगारवाढ आणि बदली (गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या) कामगारांना कायम करणे या मागण्यांच्या बरोबरीने तो कायदाच रद्द करा ही मागणी संपात आली ती यामुळेच. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. तो गिरणगावातल्या चाळींतून विरत गेला आणि लाखाच्या वर लोकांची कामे गेली.

"मग उलट करा," शेठ म्हणाले, "एकच संघटना, तिलाच सगळे अधिकार, तिने सही केली की विषय संपला. नव्या संहितेत तेच आहे ना?" वकीलबाईंनी मान हलवली, पण अर्धीच. औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटी करू शकते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के सभासद असलेल्या संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद बनते. संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना लागू आहे, समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. कायद्याने दार अरुंद केले आहे, हे त्यांनी मान्य केले. पण ५१ टक्क्यांचे प्रमाणपत्र म्हणजे ५१ टक्के माणसे नव्हेत, आणि गिरणी संपातला संघही कागदावर अगदी कायदेशीर होता, हे त्यांनी शेठना ऐकवले.

त्यांनी आणखी एक बारकावा सांगितला, जो धाकट्याच्या कामाचा होता. मालक आणि संघटना यांनी आपसात बसून केलेला करार सर्वसाधारणपणे सह्या करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. पण कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना, सभासद नसलेल्यांना आणि उद्या कामाला लागणाऱ्यालाही बांधतो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होते आणि नव्या संहितेतही आहे. म्हणून आयुक्तांच्या कार्यालयात जाणे म्हणजे भांडण वाढवणे, हा जो समज दोन्ही बाजूंना असतो, तो चुकीचा आहे. बोलणी पक्की झाल्यावर केवळ सही करायला म्हणूनही तिथे जाता येते.

न्यायालयाने तरी एसटीचा तंटा सोडवला की नाही, यावर थोडी चकमक झाली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्य समिती नेमली गेली, समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्यास सांगून परतणाऱ्यांवर बडतर्फीची कुऱ्हाड चालणार नाही अशी हमी मिळवून दिली. संप त्यामुळे संपला हे खरे. तंटा मात्र संपला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ऐन गणपतीच्या तोंडावर पुन्हा गाड्या थांबल्या आणि दोन दिवसांत मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ एप्रिल २०२० पासून मान्य केली. शेठ म्हणाले, बघा, दोन दिवसांत सुटले. अण्णा म्हणाले, दोन दिवसांत नव्हे, चार वर्षांनी सुटले; आणि मागच्या तारखेपासून वाढ दिली की चार वर्षांचा फरक निघतो, तो कधी आणि किती हप्त्यांत द्यायचा हे त्याच कागदावर लिहून घ्यायचे असते, नाहीतर पुढचा तंटा तिथूनच सुरू होतो.

एवढे झाल्यावर आम्ही धाकट्याकडे वळलो. शेठनी मालकाच्या बाजूने मोकळेपणाने सांगितले की आपण असतो तर तीन वर्षांच्या करारावर सही केली असती, पण वाढीचा काही भाग उत्पादनाशी जोडून मागितला असता. अण्णांनी त्याला ताबडतोब हरकत घेतली: मशीन बंद पडले, माल वेळेवर आला नाही, तर कामगाराने काय म्हणून सोसायचे? शेवटी दोघांचे अशा अटीवर जमले की कामगाराच्या हातात नसलेल्या कारणाने काम थांबले तर ते तास उत्पादनाच्या हिशोबातून वगळायचे. कट्ट्यावर पाच मिनिटांत जमते ते कारखान्यात सहा महिने का जमत नाही, असे कोणीतरी म्हणाले. पण इथे कोणाला पदरचे काही द्यायचे नव्हते, हे उघड आहे.

मग वकीलबाईंनी विचारले, सभासद किती? धाकट्याने सांगितले की कायम कामगार जवळजवळ सगळेच सभासद आहेत. आणि ठेकेदाराची माणसे? ती कायमच्या दुप्पट, आणि संघटनेत एकही नाही. त्यांची हजेरी ठेकेदाराच्या पटावर लागते, त्यामुळे ५१ टक्क्यांच्या गणितात ती येत नाहीत; कागदावर संघटना अगदी भक्कम दिसते. पण संप झाला तर लाइन कोण चालवणार, या प्रश्नावर तो थांबला. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसगाड्यांवरील कंत्राटी चालकांनी काम बंद केले होते, तेव्हा त्यांना पगार देणारा कंत्राटदार एक आणि त्यांच्याकडून सेवा घेणारा उपक्रम दुसरा, अशी स्थिती होती. बोलणी अखेर मुख्यमंत्र्यांपर्यंत न्यावी लागली. कुपवाडच्या एका कारखान्यासाठी मुख्यमंत्री येणार नाहीत.

अण्णांनी त्याला सांगितले की नोटिशीचा मसुदा आठवडाभर बाजूला ठेव, आधी ठेकेदाराची पाळी सुटते त्या वेळी गेटसभा घे, मागणीपत्र त्यांना वाचून दाखव, आणि त्यांच्यासाठी त्यात एक तरी कलम घाल. निदान किमान वेतनाच्या पावतीचे आणि सुरक्षेच्या बुटांचे. व्यवस्थापनाला काय देता येईल याचा अंदाज मग आपोआप येईल, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच बोलावतील. वकीलबाईंनी बुटांच्या खाली हातमोजे लिहायला सांगितले. शेठ चप्पल पायात सरकवत म्हणाले की सगळे पटले, फक्त हा उपाय त्यांच्या वर्कशॉपच्या गेटवर येऊन कोणी सांगू नये.