‘जूनमध्ये शाळेत काही शिकवत नाहीत’ हे खरं नाही

पंधरा जून जवळ आला की गावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो: ‘जूनमध्ये शाळेत नुसती उजळणी. पोरं भिजवून आजारी पाडण्यापेक्षा भाताची लावणी उरकल्यावर पाठवा. आठवीपर्यंत नापास कोण करतंय?’ मी राजापूर तालुक्यात वाडीतल्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. हा मेसेज खरा मानून मुलं घरी ठेवली जातात, म्हणून लिहिते आहे.

‘नुसती उजळणी.’ हो, उजळणीच. आणि तीच चुकवायची नसते. दीड महिना आंब्या-काजूंत रमलेलं पोर हातच्याची वजाबाकी विसरून येतं. ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढतं आणि ३५ लिहितं. मग मी काड्यांचा दहाचा गठ्ठा सोडायला लावते: दहा नि दोन बारा, आता काढ सात. चार दिवसांत डोक्यात बसतं. जुलैत वर्ग पुढे गेलेला असतो. गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी अशीच उशिरा आली. शेजारणीच्या वहीत डोकावली आणि स्वतःच्या वहीवर हात झाकून बसली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोटात दुखतंय. पुढचे तीन दिवस दुखतच होतं.

‘वीस दिवसांनी काय बिघडतं?’ शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस ठरवलेत. त्यातले वीस म्हणजे दहावा हिस्सा. पुढे गणपती आहेत, शिमगा आहे. तेव्हा शाळेत याच, असं मीसुद्धा म्हणणार नाही. म्हणून तरी जून राखा.

लावणीचं दुखणं मात्र खरं आहे. माणसं मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही. पण मी पाहते, मोठी मुलगी बहुतेकदा शेतात नसतेच, धाकट्याला सांभाळायला घरी असते. तो तीन वर्षांचा झाला असेल तर अंगणवाडीत घाला. शनिवारी शाळा सकाळची. दुपार आणि रविवार तुमचेच. तरीही एखादा दिवस लागलाच तर आधी सांगा, त्या दिवशीचं मी तिला नंतर शिकवते.

‘नापास करत नाहीत’ हेही आता जुनं झालं. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाल्यास पुन्हा परीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग.

राहिला पाऊस. ताप असेल, उलट्या होत असतील तर घरीच ठेवा. पऱ्या (ओढा) भरून साकवाला, म्हणजे त्यावरच्या छोट्या पुलाला, पाणी लागलं असेल तर अजिबात पाठवू नका, फोन करा, मी गैरहजेरीचं कारण विचारणार नाही. एरवी दप्तरात पिशवीत गुंडाळून एक कोरडा जोड द्या, आल्या आल्या बदलायला लावते. आणि शेजारचं पोर निघालं असेल तर तुमचंही त्याच्याबरोबर धाडा. पऱ्यावरून जाताना दोघं असलेली बरी.