हरणाच्या मागावर : येवल्याच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

माझ्या शिकारीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा वाचली. घाईत काहीबाही लिहिलं जाऊ नये म्हणून दोन दिवस थांबलो. नवीन वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. टेक्सासमध्ये मका टाकून हरणं मारणारा माणूस नऊ वर्षांनी पेनसिल्व्हेनियात जातो, पायी फिरून एक मादी मारतो आणि तिला ‘खरी शिकार’ म्हणतो. इकडे तुमच्या येवला तालुक्यातल्या ममदापूरला लोक भर उन्हात हरणांसाठी पाणवठे भरतात आणि हा नाशिकच्या घरात बसून बंदुकीचं कौतुक लिहितो. पोरांनी यातून काय घ्यायचं?

‘खरी शिकार’ हे शब्द मी लेखातून काढले. तुमचं बरोबर आहे. मारणारा खोपटात लपून बसला होता की पायी आला, याचं मरणाऱ्या हरणाला काही नसतं. मला मात्र फरक पडला. तो का पडला, हे लेखात मी लपवलं होतं.

टेक्सासला नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. तिथली जमीन बहुतेक खाजगी मालकीची. रँचवर लाकडी खोपटं उभारलेलं असतं, समोर ऐंशी-नव्वद पावलांवर टायमर लावलेलं पिंप. पहाटे ठरल्या वेळी त्यातून मका उडतो आणि हरणं येतात. तिथं हे कायदेशीर आहे. चार हंगाम मी असाच बसलो. शेवटच्या हंगामात एका मादीला गोळी मागे, पोटात लागली. ती पाठ वाकवून उडाली आणि झाडीत शिरली. अशा वेळी काही तास जागचं हलायचं नसतं. जखमी जनावर जवळपासच बसतं, आपण मागे लागलो की उठून लांब जातं. हे मला शिकवलेलं होतं. तरी मी पाच मिनिटांत खाली उतरलो. गवतावर रक्त थोडंच होतं, हिरवट चोथा जास्त. ती बसली होती ती जागा सापडली. गवत दबलेलं, हात लावला तर कोमट. ती सापडली नाही. दोन दिवस शोधलं. नऊ वर्षं बंदुकीला हात लावला नाही तो त्या कोमट गवतामुळे. लेखात मात्र ‘कामाच्या व्यापात राहून गेलं’ असं लिहिलं. ते खोटं होतं.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात मामेभाऊ राहतो. गेल्या हंगामात त्याच्याकडे गेलो, तेव्हा जुनं काहीच कामाला आलं नाही. मी होतो त्या भागात मका टाकणं गुन्हा आहे. जंगल सरकारी, कुणालाही खुलं. डोक्यावर, छातीवर, पाठीवर भडक केशरी कपडा सक्तीचा, कारण त्याच झाडीत आणखी माणसं बंदूक घेऊन फिरत असतात. भावाचे शेजारी, वय सत्तरीच्या पुढे, मला घेऊन निघाले. तीन पावलं टाकायची, पाच मिनिटं उभं राहायचं. ओकची फळं कुठे खाल्लेली दिसतात, नरानं शिंगं घासून कुठल्या रोपाची साल सोलली आहे, लेंड्या ताज्या आहेत का, हे बघत जायचं. नाशिकहून कॅरमच्या पावडरीची डबी नेली होती. चिमूटभर सोडली की वारा कुठे वाहतो ते कळतं. तीन दिवस ती पावडर माझ्याच पुढे, हरणांच्या दिशेनं जात राहिली. एकही दिसलं नाही, फक्त लांबून फुसकारे ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जाळीचं कुंपण घातलेला जंगलाचा एक तुकडा दाखवला. आत ओकची, मेपलची रोपं खांद्याला लागतील एवढी. बाहेर नुसतं नेच्याचं रान, झाडाचं एक पोर नाही. लांडगे, प्यूमा (बिबट्याएवढं मोठं मांजर) तिथून कधीच संपले, हरणं मात्र वाढली आणि जंगलाची पुढची पिढी खाऊन टाकतात. हीच हरणं सव्वाशेएक वर्षांपूर्वी तिथं जवळजवळ नाहीशी झाली होती, बाजारासाठी बेसुमार मारल्यामुळे. १८९५ मध्ये त्या राज्यानं वन्यप्राण्यांसाठी आयोग नेमला, १९०६ पासून बाहेरून हरणं आणून सोडली. आज मादीचा परवाना वेगळा असतो, तोही विभागवार ठरवून दिलेला. मी मादी का मारली, हा तुमचा प्रश्न होता. संख्या आवरायची असेल तर नर मारून उपयोग नसतो.

चौथ्या सकाळी वारा तोंडावर होता. चाळीस पावलांवर ती आडवी उभी राहिली. गोळी खांद्यामागे लागली. मग मी घड्याळ काढून अर्धा तास झाडाला टेकून बसलो. त्या अर्ध्या तासासाठीच मी परत गेलो होतो, असं आता वाटतं. साठ पावलांवर ती पडलेली होती, पापण्यांवर बर्फाचे कण. कानाला परवान्याची चिठ्ठी बांधली, त्याआधी जनावर जागचं हलवता येत नाही. साफ मी स्वतः केलं. मांस भावाच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी गेलं.

आता ममदापूर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे. तुमच्याकडची हरणं म्हणजे काळवीट. ते या कायद्याच्या पहिल्या, सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. हे तसंच राहावं असं माझं ठाम मत आहे. तिकडे परवाना आहे म्हणून इकडेही द्या, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका. काळवीट तर खऱ्या अर्थानं हरिणही नाही, कुरंग म्हणजे अँटिलोप आहे. त्याची शिंगं जन्मभराची, तिकडच्या हरणाची दर हिवाळ्यात गळतात. तुमच्याकडे माळ कमी होत चाललाय, मका आणि कांद्याची शेतं भिडली आहेत, उघड्या विहिरी आहेत, मोकाट कुत्री आहेत. तिथं एकेक जनावर जपायचं असतं. कुंपणाबाहेरचं ते उघडं रान पाहून मी मादी मारली, तुमचा माळ पाहिला तर मी बंदुकीचं नावही काढणार नाही.

पोरांचं म्हणाल, तर माझ्या मुलीला मी टेक्सासच्या मादीची गोष्ट सांगितली आहे, पेनसिल्व्हेनियाची अजून नाही. लेखातही तोच क्रम हवा होता. या आठवड्यात तसा बदल करतो.

आणि पाणवठे. माझ्याकडे पिकअप आहे, एप्रिल-मेमध्ये रविवार मोकळे असतात. टाकी भरून आणायची असेल, विहिरीला कठडा किंवा जाळी बसवायची असेल, तर कुठे आणि किती वाजता यायचं तेवढं कळवा.