सातवा प्रश्न

आमचं चॅरिटी शॉप गावातल्या मंडळांना थोडे पैसे वाटतं. त्या ग्रँटच्या फॉर्ममध्ये सातवा प्रश्न असा आहे: "तुमच्या उपक्रमात नवीन काय आहे?" यंदा एका मंडळाने त्यापुढे एवढंच लिहिलं, "काही नाही. दर गुरुवारी भेटतो. पुढेही भेटायचं आहे."

कमिटीत आम्ही सगळे हसलो. मग कोणीतरी म्हणालं, उत्तर झकास आहे, पण गुण कसे द्यायचे? पाचपैकी शून्य पडले. त्या शून्यामुळे ते मंडळ यादीत घसरलं आणि पैसे संपले तिथे रेषेच्या खाली राहिलं.

प्रश्न फॉर्ममध्ये घालायची सूचना कोणाची होती? माझी. मोठ्या उत्साहात मांडली होती आणि एकमताने मंजूरही झाली होती. म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी इंग्लंडमध्ये आठवड्यातून एक दिवस एका चॅरिटी शॉपमध्ये बिनपगारी काम करते. लोक वापरलेले कपडे, पुस्तकं, कपबश्या आणून देतात, आम्ही त्या विकतो, नफा सत्कार्याला जातो. बोहारीण डोळ्यांसमोर आणू नका, इथे बदल्यात भांडं मिळत नाही. ब्रिटनभर अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. बरीचशी मोठ्या संस्थांची. त्यातलं सगळ्यात परिचित नाव ऑक्सफॅमचं. 1942 मध्ये, युद्धकाळात, नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये लोक भुकेने मरत होते, त्यांच्यासाठी ऑक्सफर्डमधल्या काही मंडळींनी समिती काढली. युद्धानंतर काही वर्षांतच त्याच गावातल्या ब्रॉड स्ट्रीटवर त्यांचं दुकान सुरू झालं. 1949 मध्ये तिथे जो मिटी नावाचे गृहस्थ रुजू झाले, ते संस्थेचे पहिले पगारी कर्मचारी. म्हणजे एवढ्या अवाढव्य संस्थेने पहिला पगार दिला तो दुकान सांभाळणाऱ्या माणसाला. मला ही गोष्ट फार आवडते.

आमचं दुकान त्या मानाने चिमुकलं. कुठल्या साखळीतलं नाही. भाडं, वीज आणि मॅनेजरचा पगार जाऊन जे उरतं ते वर्षातून दोनदा गावातल्याच मंडळांना वाटायचं, एवढाच उद्देश. म्हाताऱ्यांचा जेवणाचा क्लब, लहान मुलांचा खेळगट, गायनमंडळ, बागकाम करणारे, असे सगळे अर्ज करतात.

आता मागच्या खोलीत चला. पिशव्या येतात तेव्हा आधी वास घ्यायचा. थट्टा नाही, तोच पहिला नियम. ओल लागलेली एक पिशवी शेजारच्या चार पिशव्या वाया घालवते. मग खिसे तपासायचे (रुमाल, बसचं तिकीट, एकदा दाताची कवळी). मग स्टीमर फिरवायचा, टॅगिंग गनने किमतीचं लेबल डकवायचं, साइजप्रमाणे हँगरला लावायचं. जे विकण्याजोगं नाही ते चिंध्यांच्या पोत्यात जातं. ती पोती किलोवर विकली जातात. सोफा आला तर आधी तो उलटा करून आगरोधक असल्याचं लेबल शोधायचं. 1988 चा तसा कायदाच आहे, लेबल कापलेलं असेल तर सोफा कितीही देखणा असो, घ्यायचा नाही. विजेची वस्तू तपासणी झाल्याशिवाय विकायची नाही. सायकलचं हेल्मेट आम्ही घेतच नाही, कारण ते आधी कशावर आपटलंय ते कोणाला कळणार?

आणि आमच्याकडे एक आजोबा आहेत जे फक्त जिगसॉ पझल्स बघतात. हजार तुकड्यांचं कोडं आलं की ते घरी नेतात, पूर्ण लावतात, सगळे तुकडे आहेत याची खात्री झाली की मोडून खोक्यात भरतात आणि वर पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण करतात. एका खोक्याला कधी आठवडा लागतो. विकलं तर दोन-तीन पौंड येतात. ताशी हिशेब मांडायला गेलात तर वेड लागेल. पण आमच्याकडचं कोडं पूर्ण असतं हे गावाला ठाऊक आहे, म्हणून लोक कोड्यांसाठी आमच्याकडेच येतात.

या आजोबांच्या कामात नवीन काय आहे? काही नाही.

सातव्या प्रश्नाची मला लाज वाटली ती या विचाराने. आमचं अख्खं दुकान कंटाळवाण्या, त्याच त्याच कामावर उभं आहे. तिथून आलेले पैसे वाटायला बसलो की आम्ही मात्र समोरच्याला विचारतो, नवलाई दाखवा.

मंडळं खरं काय मागतात ते अर्जांच्या ओळींमधून कळतं. हॉलचं भाडं. सार्वजनिक जबाबदारीचा विमा, म्हणजे कोणाला इजा झाली तर भरपाईसाठीचा. हिवाळ्यातलं हीटरचं बिल. हे कोणी द्यायला तयार नसतं. मोठ्या ग्रँट देणाऱ्यांना 'प्रकल्प' हवा असतो, ज्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि फोटो असतात. विम्याचा फोटो काय काढणार? मग मंडळं शहाणी होतात. जेवणाच्या क्लबला भाड्यासाठी पैसे हवे असतात, पण अर्जात ते लिहितात 'पिढ्यांना जोडणारा पाककला प्रकल्प'. शाळेतली सहा मुलं एकदा येऊन बिस्किटं भाजून जातात, फोटो निघतो, आणि त्यातून वाचवून वाचवून भाडं भरलं जातं. सगळ्यांना सगळं माहीत असतं. असे अर्ज वाचताना मीही मान डोलवली आहे, पाचपैकी चार गुण दिले आहेत.

गुरुवारवाल्यांनी तेवढा खोटेपणा केला नाही. त्यांनी तीनशे पौंड मागितले होते, हॉलच्या भाड्यासाठी. अर्जाला कोटेशन जोडलं होतं, बँक खात्यावर दोन सह्या होत्या, मंडळाची लेखी घटना, म्हणजे नियमावली होती. काही म्हणजे काही कमी नव्हतं.

पैसे आमचे नसतात, हेही बोललं पाहिजे. आमच्या शेजारचा दुकानदार मला अधूनमधून ऐकवतो की तुम्हाला बरंय, माल फुकट, माणसं फुकट. त्याचं चुकत नाही. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य दराने. बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानाच्या जागेवरचा कर, त्यात चॅरिटीला 80 टक्के सूट, आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मनात आलं तर उरलेले 20 टक्केही माफ. शिवाय गिफ्ट एड. ही भानगड गमतीची आहे: देणारा आयकर भरत असेल तर कागदोपत्री वस्तू त्याचीच राहते, आम्ही फक्त त्याचे एजंट म्हणून विकतो. विकल्यावर आलेले पैसे तो आम्हाला देणगी देतो असं धरलं जातं, आणि सरकार दर पौंडामागे 25 पेन्स वर घालतं. म्हणून पिशवीवर बारकोडचं स्टिकर लागतं आणि तुमच्या वस्तूंचे अमुक इतके झाले असं पत्र जातं. नियमाप्रमाणे तो माणूस ते पैसे परत मागू शकतो. आमच्याकडे अजून कोणी मागितलेले नाहीत.

म्हणजे वस्तू गावाच्या, श्रम गावाचे, आणि माफ झालेला कर सगळ्यांच्याच खिशातला. एवढं सगळं गावानेच दिलेलं असताना आम्ही पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसून गावाला चुणूक दाखवायला सांगायचं, हा आगाऊपणा आहे. मोठ्या संस्थेला प्रयोग हवे असतील तर त्यांनी खुशाल करावेत, त्यांचा पसारा तेवढा आहे. आमच्यासारख्या दुकानाने भाडं आणि विमा द्यावा. तीनशे पौंडांत जग बदलत नाही, पण हॉलचं कुलूप वर्षभर उघडतं.

कमिटीतल्या एक बाई याला कडाडून विरोध करतात आणि त्यांचा मुद्दा मला पूर्ण खोडता आलेला नाही. त्या म्हणतात, भाडं द्यायला लागलो की तीच दहा मंडळं दरवर्षी येणार, नव्यांना दार बंद. आणि एखाद्या वर्षी विक्री घसरली, मातीमोल झालेले नवे कपडे आमच्या जुन्यांपेक्षा कमी किमतीत मिळायला लागले (हे चालू आहेच, पिशव्यांतल्या कपड्यांची प्रतही त्यामुळे उतरली आहे), तर आमच्या भरवशावर बसलेल्यांचं काय? बरोबर आहे. माझं म्हणणं, थोडी रक्कम नव्यांसाठी बाजूला ठेवा, आणि जुन्यांना तीन वर्षांचा शब्द एकदमच द्या, म्हणजे पुढची तजवीज करायला त्यांना वेळ मिळेल. त्या म्हणतात, तीन वर्षांचा शब्द द्यायला तिजोरी लागते, तुमच्याकडे गल्ला आहे. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण सातव्या प्रश्नाचा त्याच्याशी संबंध नाही, तो कुठल्याही हिशेबाने टाकाऊच आहे.

मी गुरुवारवाल्यांना जाऊन भेटले. कमिटीतली म्हणून नाही, अशीच. चौदा माणसं होती, त्यातली दोघं झोपलेली. एक बाई दुसरीच्या कानातलं श्रवणयंत्र नीट बसवून देत होत्या. मी ओळख सांगितल्यावर ज्यांनी फॉर्म भरला होता ते गृहस्थ म्हणाले, "हो, तो नवीनवाला प्रश्न. आम्ही खूप विचार केला हो, पण खरंच काही सुचलं नाही." भाड्याचं काय केलंत विचारलं, तर म्हणाले, सध्या एक आठवडा आड भेटतोय.

पुढची मीटिंग महिन्याच्या शेवटी आहे. प्रश्न काढून टाकायचा ठराव मी दिला आहे. अध्यक्षांचं उत्तर आलंय की काढण्याऐवजी सुधारित शब्दरचना सुचवावी. मी सुचवली आहे: "तुम्ही कोणत्या वारी भेटता?"