दायणीची साक्ष कापू नका

रविवारी आपल्या हौशी मंडळींच्या नाटकाचा प्रयोग पाहिला. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय: त्यातली दायणीची, म्हणजे सुईणीची, साक्ष.

नाटक 1908 सालच्या बडोदे संस्थानातलं. सगळं घडतं मुनसफाच्या, म्हणजे खालच्या न्यायाधीशाच्या, कोर्टात. सयाजीराव महाराजांनी 1904 साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला होता: मुलगी 12 वर्षांची आणि मुलगा 16 वर्षांचा होईपर्यंत लग्न नाही. दांडिया बाजारातल्या एका बापावर तो मोडल्याची फिर्याद आहे. जन्माचा दाखला नाही, मग मुलीचं वय ठरवायचं कसं? एवढ्या प्रश्नावर दोन अंक हसवतात. जोशीबुवा पत्रिका काढतात, तिच्यावरची शाई अजून ओली. मामाच्या हिशोबानं तर भाची आपल्या आईपेक्षा पाचच वर्षांनी लहान निघते!

मग दायण येते. गुजराती बाई, वकिलाकडे न बघता मुनसफालाच सांगते, "साहेब, छोडी छप्पनियामां जन्मी. नाळ में ज कापेली." म्हणजे, मुलगी छप्पनियात जन्मली, नाळ मीच कापली.

छप्पनिया, संवत 1956 चा दुष्काळ, म्हणजे 1899-1900. ज्या घरात माणसं मेली तिथं ते साल कोण विसरेल? मुलगी आठ वर्षांची! इतका वेळ खदखदून हसणारं सभागृह एकदम शांत झालं आणि सगळ्यांच्या नजरा बाकावरच्या त्या मुलीकडे गेल्या. ती पहिल्यापासून तिथंच बसलेली होती, पाय जमिनीला न टेकता. तिला नाटकात एकही वाक्य नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रयोगानंतर कानावर आलं की पुण्याच्या प्रयोगासाठी हा प्रवेश मराठीत करायचा किंवा कापायचा विचार चाललाय. कृपा करून असं करू नका. सयाजीरावांच्या राज्यात कोर्टाचं काम गुजरातीत चालायचं, आणि कायद्याच्या शब्दांसाठी 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा आठ भाषांचा कोश निघाला. त्या कोर्टात साक्षीदार गुजरातीत बोलणारच. आपली बडोद्याची मराठी तरी कुठे एकटी वाढली? माझी आजी आम्हाला मराठीत रागवायची आणि भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करायची. दायणीला मराठी बोलायला लावलंत तर नाटक कुठल्याही गावचं होईल.

कापायचंच असेल तर मुनसफाचा लाकडी हातोडा काढा. आपल्याकडचे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, तो सिनेमातून आलाय. दुसऱ्या अंकातलं जोशीबुवांचं लांबलेलं भाषणही निम्म्यावर आणता येईल. मागच्या पडद्यावरच्या न्यायमंदिराच्या कमानी मात्र फार सुरेख रंगवल्यात. कोर्ट तिथून हललं तेव्हापासून ती इमारत बघून जीव तुटतो. एक प्रयोग तिथल्या चौकात झाला तर मी सतरंज्या उचलायला येईन.

पुण्याच्या प्रेक्षकाला छप्पनिया कळणार नाही अशी भीती असेल, तर पहिल्या अंकात शिरस्तेदाराच्या तोंडी दुष्काळाचं एक वाक्य घाला. जुनी दप्तरं चाळताना तो सहज बोलून जाईल. दायणीचं वाक्य मात्र आहे तसंच, गुजरातीतच राहू द्या.