पायाकडची जागा

माझ्या मेव्हण्याच्या मोटरसायकलला कालपासून भाजलेल्या बांगड्याचा वास येतोय. दोनदा धुतली, एकदा लिंबू चोळलं, शेजारच्या वहिनींनी सांगितलं म्हणून सायलेन्सरला कोकमाचं आगळही लावून झालं. वास गेला नाही. उलट आता नारळाचं दूध तेवढं घालायचं राहिलंय, अशी परिस्थिती आहे. काल रात्री वाडीतली दोन मांजरं तिच्या सीटवर पहाटेपर्यंत बसून होती. मेव्हणा रविवारी गाडी न्यायला येणार आहे, आणि त्याला कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मुळात ही मोटरसायकल माझ्याकडे आली ती आमच्या जुन्या स्कूटरचा पत्रा रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने खाल्ला म्हणून. दहाएक दिवसांपूर्वी एका सकाळी मी पाय ठेवायला गेलो तो सरळ रस्त्यालाच टेकला. मेकॅनिक म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे, बॉडी गेली." आमच्या घराण्यात हे नेहमी उलटं होत आलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून घरात "आता घेऊनच टाका" चाललंच होतं. पुन्हा स्कूटर की मोटरसायकल, यावर मात्र दोन पक्ष पडले. एका पक्षात बायको, मुलगी, आई, वहिनी आणि समोरचे निवृत्त गुरुजी. दुसऱ्या पक्षात मी. मेव्हण्याला दया आली. म्हणाला, "भावोजी, माझी न्या. आठ दिवस चालवून बघा, मग ठरवा."

मला मोटरसायकल का हवी होती, ते सांगतो. वयाचा वगैरे काही संबंध नाही. शोरूममधल्या त्या पोराला तसं वाटलं असावं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि गुडघ्यांकडेच बघत म्हणाला, "सर, तुमच्यासाठी स्कूटर कम्फर्टेबल राहील." मी त्याच्याकडचा चहा प्यायलो नाही.

खरं कारण पायाकडची जागा. स्कूटरला पुढे पायाकडे जी सपाट जागा असते ना, तिच्यामुळे ती गाडी तुमची राहत नाही. ती वाडीची सामाईक पडवी होते. अठरा वर्षांत मी त्या जागेवरून गॅसचे सिलिंडर नेले, तांदळाच्या गोणी नेल्या, सोललेले नारळ, न सोललेले नारळ, केळीचे घड, बिघडलेले मिक्सर आणि दुरुस्त न होता परत आलेले तेच मिक्सर नेले. तीन वर्षांपूर्वी गुरुजींनी सिमेंटचं तुळशीवृंदावन माझ्या पायांत ठेवलं. "जाता जाता कुवारबावला सोडा." मी गुडघे दोन दिशांना फाकवून चाललेलो, मध्ये वृंदावन, त्यात गुरुजींनी उत्साहाने आधीच लावलेली तुळस वाऱ्याने माझ्या हनुवटीला लागतेय. साळवी स्टॉपला एका आजींनी चप्पल काढून नमस्कार केला. मला की तुळशीला, ते कळलं नाही.

मला आयुष्यात एकदा, अगदी एकदाच, "जागा नाही हो" असं म्हणायचं होतं. मोटरसायकलला पुढे पेट्रोलची टाकी असते. टाकी कोणी मागत नाही.

आमच्या वडिलांकडे चेतक होती. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, पण सकाळी सुरू व्हायच्या आधी तिला म्हशीसारखी कलंडवावी लागे. एका अंगावर आडवी, मग सरळ, मग किक, मग आणखी किक, मग वडिलांचे शब्द. १९७२ साली आलेली ती गाडी मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, त्यामुळे ती सुरू होत नाही अशी तक्रार करणं कृतघ्नपणाचं समजलं जाई. इंजिन सगळं उजव्या बाजूला. म्हणून ती जन्मभर जराशी कलूनच चालली, आणि बाजारची पिशवी धरून वडीलही. मग १९८५ ला हीरो होंडाची सीडी १०० आली. धाकट्या काकांनी ती घेतली, आणि तेव्हापासून काका स्वतःच्या सुखाचे मालक झाले. बाजाराला काका कधी गेले नाहीत. "माझ्याकडे जागा कुठाय?" म्हणायचे. हे वाक्य मी लहानपणी ऐकलेलं आहे, आणि ते माझ्या मनात घर करून बसलेलं आहे. त्याच काकांनी कायनेटिक होंडा पहिल्यांदा पाहिली तेव्हा "गिअर नाही म्हणजे बायकांची गाडी" असा निकाल दिला होता. माझी बायको त्याच बिनगिअरच्या गाडीवर भर पावसात मुलीला शाळेत सोडून, वाटेत सिलिंडरचा नंबर लावून, माझ्या आधी ऑफिसला पोचते. काकांना हे कोणी सांगितलं नाही.

बरं, उताराचं म्हणाल तर मोटरसायकलच बरी, हे मी आठ दिवसांत शिकलो. आमचं रत्नागिरी अर्धं वर, अर्धं खाली. सकाळी मारुती मंदिराकडून माळनाका, जयस्तंभ करत एसटी स्टँडकडे उतरायचं, संध्याकाळी तेच चढायचं. स्कूटरला गिअर नाहीत. बेल्टवर चालते, आणि उतारावर वेग कमी झाला की आतला क्लच सुटतो आणि ती मोकळ्या वासरासारखी धावते; मग सगळा भार ब्रेकवर. मोटरसायकल दुसऱ्या गिअरला टाकली की इंजिनच तिला धरून ठेवतं. खड्ड्यांतही अठरा इंची चाक पलीकडे निघून जातं. स्कूटरचं दहा-बारा इंची चाक आत उतरून जरा विसावा घेतं.

आता खड्डे निघालेच आहेत तर. एकाने पाइपासाठी खणायचं, दुसऱ्याने केबलसाठी, तिसऱ्याने आधीच्या दोघांनी काय टाकलंय ते बघण्यासाठी. वर लाल मातीची मलमपट्टी करायची आणि ती पहिल्याच सरीला खाली मांडवीकडे वाहून गेली की पुढचं टेंडर. पंधरा वर्षं झाली, महामार्गाचं चौपदरीकरण आम्ही बघतोच आहोत. मोटरसायकल की स्कूटर, हा प्रश्न खरं तर रस्ता असलेल्या गावांनी चघळायचा. आमच्याकडे होडी की बैलगाडी असा विचार व्हायला हवा. आणि गाडी लावायची कुठे, तेही कोणीतरी सांगावं. परवा चिखलात साइड स्टँड रुतला आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश, एखाद्या पाहुण्याने गादीवर कलंडावं तशी आडवी झाली. असो. बांगड्यांचं सांगत होतो.

काल दुपारी घरी माणसं जेवायला होती. ऑगस्टात मासेमारीची बंदी उठल्यापासून बांगडा चांगला येतोय. मी अर्धा दिवस रजा टाकून नेहमीच्या मावशींकडे गेलो. गाडी चालूच ठेवून, एक पाय टेकून विचारलं, "काय भाव?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीकडे पाहिलं.

"काय वो दादा, मोटरसायकल घेतलाव?"

"मेव्हण्याची आहे. बघतोय, मोटरसायकल घ्यावी की स्कूटर."

"शंभराला चार."

"मागच्या आठवड्यात सहा होते!"

"मागच्या आठवड्यात तुमी स्कूटरवाले हुताव."

मी गाडी बंद केली. ही माझी चूक. मावशी तीस वर्षं त्याच जागेवर बसतात आणि त्यांना ऐकणारं माणूस हवंच असतं.

"बगा," त्या सुरीने माझ्या पुढच्या चाकाकडे दाखवत म्हणाल्या, "मोटरसायकलवाला उतरत नाय. गाडी चालू, पाय टेकलेला, पेट्रोल जळताय, मागून रिक्षा पोंपों करताय. तो काय घासाघीस करनार? सांगेन त्या भावाला घेतो नि जातो. स्कूटरवाला कसा? गाडी बंद करतो, मधल्या स्टँडवर चढवतो, डिकी उघडतो, पिशवी काढतो, पिशवी झटकतो. मंग बसतो उकिडवा, नि अर्धा तास बांगड्याचे गाल दाबतो. शेवटाला म्हंतो, दोन वर टाका मावशी, पिशवीत जागा हाय."

हे सगळं मी अठरा वर्षं करत आलोय. उकिडवं बसण्यासकट.

"आणि बुलेटवाले?" मी विषय बदलायला विचारलं.

"बुलेटवाला पापलेट घेतो. नि साफ करून मागतो. आवाज येवडा मोठा, नि काट्याला भितो." मग जरा थांबून, "एमएच बारा दिसली की मी तोंड उघडायच्या आदी भाव आपला आपन वर जातो. माजा काय दोष नाय त्यात."

"म्हणजे मी मोटरसायकल घेऊ म्हणता?"

"घ्या की! माजा फायदाच हाय." बांगडे पिशवीत टाकत त्यांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पन बाय काय म्हंतेय?"

मी पैसे दिले.

पिशवी प्लास्टिकची, २०१८ पासून बंदी असलेली. कापडी पिशवी जुन्या स्कूटरच्या डिकीत राहिली होती, कारण पिशवी कुठे ठेवायची हा विचार मोटरसायकल बनवणाऱ्याने केलेला नाही. हँडलला लावली तर बांगडे दर वळणाला गुडघ्यावर आपटत होते. म्हणून मागच्या कडीला बांधली. उजवीकडे. सायलेन्सरही उजवीकडेच असतो, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं यांत अंतर असतं.

माळनाक्याच्या चढावर इंजिन तापलं आणि मला भूक लागली. खरंच सांगतो, आधी भूक लागली. वाटलं, कोणाच्या घरी तरी मस्त बांगडा चाललाय. मग चर्र झालं, मागून काहीतरी पडलं, पुन्हा काहीतरी पडलं, आणि एक रिक्षावाला शेजारून ओरडत गेला, "काका, मीठ कमी आहे!" तीन रस्त्यावर पडले. चौथा सायलेन्सरला चिकटून, एका अंगाने शिजलेला, माझ्याकडे बघत होता. थांबून मदत कोणी केली नाही. फोटो दोघांनी काढले. त्यातला एक वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या आधी घरी पोचला.

बायकोचा फोन आला. ती हसली नाही; हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "परत घेऊन या. आणि या वेळी डावीकडे बांधा, साडीगार्डला."

मी परत गेलो. मावशींना बातमी कळलेली होती.

"शंभराला तीन."

"अहो, तासाभरापूर्वी चार होते!"

"तो मोटरसायकलवाल्याचा भाव हुता. ह्यो नडलेल्याचा."

पैसे देऊन मी किक मारली, तेवढ्यात मावशींनी रिकामी पाटी उचलली. "मिरकरवाड्याला जायचाय. सोडा जरा."

आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं ते वाक्य शेवटी माझ्या तोंडून बाहेर पडलं. "मावशी, जागा नाही हो. मोटरसायकल आहे. पाटी कुठे ठेवणार?"

मावशींनी पाटी टाकीवर ठेवली. माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये, छातीला टेकून. खवल्यांचं पाणी शर्टातून आत उतरलं. मग त्या मागे एका अंगाला बसल्या, माझ्या खांद्यावर तोच हात ठेवला आणि म्हणाल्या, "चला. पुढं खड्डा हाय, सेकंड टाका."

मी सेकंड टाकला. वाटेत माझे साहेब जेवायला चालले होते. त्यांनी आधी पाटी पाहिली, मग मला, आणि हात अर्धा वर करून खाली घेतला.

जेट्टीवर उतरल्यावर मावशींनी सीटवर दोन थापा मारल्या. "गाडी बरी हाय. पन उद्या स्कूटर आना. उद्या दोन पाट्या हायत."

आज मी ऑफिसला दुसऱ्या रस्त्याने गेलो.