घराचे पैसे कधी येणार हे विचारणं म्हणजे हावरटपणा नाही

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, शेवटी आज लिहितेय. घरातले वाचतील, वाचू देत, दादाला आधी सांगूनच लिहितेय.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं झाली. दादर वेस्टला त्यांचा वन बीएचके, १९७९ साली आईच्या पाटल्या मोडून आणि पतपेढीचं कर्ज काढून घेतलेला, आम्ही तिघं तिथेच वाढलो. अण्णांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं, दीड पानाचं, घर विकून तिघांना सारखे पैसे आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा, दादा. म्हणजे भांडण नाही, कोर्टात एकमेकांविरुद्ध कोणी उभं नाही, घर घेणारी पार्टी आहे, भाव ठरलाय, तरी आजच्या तारखेला माझ्या खात्यात त्यातला एक रुपया आलेला नाही.

लोक विचारतात की विल आहे तर अडलंय कुठे. तर प्रोबेट. म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने शिक्का मारून सांगणं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातल्या कलम २१३ मुळे मुंबईतलं घर असेल किंवा मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल तर हिंदूंना ते घ्यावंच लागायचं. माझ्या मामेभावाचं घर ठाण्यात, मामांचं मृत्युपत्रही तिकडेच केलेलं, त्यांना कोणी प्रोबेट विचारलं नाही, चार महिन्यांत व्यवहार उरकला. मुलुंड चेकनाक्याच्या, म्हणजे मुंबईच्या हद्दीच्या, अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, हे मला अण्णा गेल्यावर कळलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम काढून टाकलं, आता सक्ती राहिली नाही, चांगलंच झालं. पण आमचा अर्ज नोव्हेंबर २०२४ पासून आत आहे आणि घेणाऱ्यांच्या बँकेचा वकील म्हणतो प्रोबेट हातात आल्याशिवाय लोन सोडणार नाही, मग वकीलबाई म्हणाल्या एवढं झालंय तर आता पुरं करूनच घेऊ.

वेळ गेला तो कागदांत, आणि खरं सांगायचं तर आमच्याच कागदांत. मृत्युपत्रात माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मग लग्नाचं सर्टिफिकेट शोधा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अण्णांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, त्याचं अ‍ॅफिडेव्हिट. धाकटा भाऊ न्यू जर्सीला, त्याची संमती तिकडे नोटरी करून, अपोस्टिल म्हणजे तिकडचा सरकारी शिक्का होऊन कुरियरने आली, त्यात एक पान सहीचं राहिलं म्हणून परत गेली. कोर्ट फी ७५ हजार, महाराष्ट्रात प्रोबेटला त्याच्या वर लागत नाही, ती दादाने भरली. पेपरात नोटीस दिली, ती पण त्यानेच.

आणि साक्षीदार. दोन होते, त्यातले डॉक्टर काका अण्णांच्या आधीच गेले. राहिले शेजारचे काका, वय ८४, आता नाशिकला मुलाकडे असतात. त्यांचं अ‍ॅफिडेव्हिट पाहिजे की अण्णांनी माझ्यासमोर सही केली. मी आणि दादा गेलो. काकांना ऐकू कमी येतं, हात थरथरतो, पण मृत्युपत्राची झेरॉक्स समोर ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी उजेडात धरला आणि म्हणाले, "ही सही माझ्या पेनने केलीय त्याने, त्याचं पेन उठत नव्हतं. तुझ्या आईच्या फोटोखाली बसलो होतो आम्ही." मग स्वतःची सही करायला त्यांना चार-पाच मिनिटं लागली, एकेक अक्षर काढत होते, सूनबाई मागून पाठीला हात लावून उभ्या. त्या चार मिनिटांत माझ्या पोटात गोळा आला होता, की हे काका मागच्या पावसाळ्यात आजारी पडले होते तेव्हाच काही झालं असतं तर आम्ही काय केलं असतं. म्हणून कळकळीने सांगते, मृत्युपत्राला साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्या, आणि मुलीचं नाव माहेरचं सासरचं दोन्ही लिहा.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे.

माझ्या मिस्टरांची नोकरी २०२३ मध्ये गेली. त्यांना ५२ व्या वर्षी तेवढ्या पगाराची दुसरी मिळाली नाही. डोंबिवलीच्या फ्लॅटचा हप्ता ३१ हजार, मुलगा इंजिनियरिंगला. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता कापला जातो आणि १ तारखेपासून माझी झोप उडते. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिली पार्टी कंटाळून सोडून गेली, टोकन परत घेतलं, तेव्हा मी फॅमिली ग्रुपवर एवढंच लिहिलं की साधारण कधीपर्यंत पैसे येतील, मला काही गोष्टी ठरवायच्यात. सगळ्यांनी वाचलं. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन, "अण्णाच्या जीवावर हिशोब कसले मांडतेस गं, मी तर गावच्या घराचं हक्कसोडपत्र करून दिलं, एक पैसा घेतला नाही."

मी तेव्हा गप्प बसले. पण ते डोक्यातून जाईना. आत्याने हक्कसोड केलं ते साल होतं १९८४. आत्याचे यजमान परळच्या गिरणीत होते, ८२ च्या संपात गेलेली नोकरी परत मिळालीच नाही. मला आठवतंय, मी शाळेत होते, आत्याकडे गेलं की ती स्टोव्हसमोर बसून पोळ्या लाटत असायची, रोज चाळीस डबे, हाताला कोपरापर्यंत पीठ. त्याच वर्षी तिने गावच्या घरावरचा हक्क सोडला. तिला त्या वेळी कोणी विचारलं का की बाई तुला गरज आहे का? बहिणीने सही करायची आणि माहेर जपायचं, एवढंच ठरलेलं. ती ते अभिमानाने सांगते, तिचा मान आहेच, पण मला ते ऐकून अभिमान नाही वाटत, रडू येतं.

वाट सगळेच बघतायत, पण ती सारखी नसते हो. धाकट्याला हे पैसे दोन वर्षांनी आले काय नि आज आले काय फरक पडत नाही. दादाचं घर स्वतःचं, कर्ज नाही. माझं प्रत्येक महिन्याला कर्ज वाढतंय. हे बोलून दाखवलं तर मी बापाच्या मरणावर टपलेली? अण्णांनी स्वतः लिहून ठेवलंय की तिघांना सारखे, ते पैसे त्यांनी मला दिलेत, मी मागत नाहीये, कधी येणार तेवढं विचारतेय.

आणि दुसरी बाजू पण लिहिते, कारण ती मला उशिरा दिसली. मी नाशिकहून येताना गाडीत दादाला हे सगळं बोलले, रडले पण. तो कसाऱ्यापर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू पैसे कधी येणार विचारलंस, मला वाटलं मी मुद्दाम वेळ लावतोय असं म्हणतेस." दोन वर्षं सोसायटीचा मेंटेनन्स तो भरतोय, लाईट बिल, वकिलांची फी, कोर्टात जायला रजा, आणि एकदाही कोणी विचारलं नाही की दादा तुझे किती गेले. मी पण नाही विचारलं. दोघं आपापल्या ठिकाणी मनात धरून बसलो होतो.

तेव्हापासून दादा दर १ तारखेला ग्रुपवर टाकतो. कुठला कागद गेला, कोर्टाने कागदांत कुठलं ऑब्जेक्शन काढलं, किती खर्च झाला. चार ओळी असतात, कधी नुसतं "काही हालचाल नाही". पैसे नाही आले अजून, पण ती ओळ वाचून मी ५ तारखेचं काय करायचं ते ठरवू शकते. धाकट्यानेही स्वतःहून फोन केला, माझे सहा हप्ते त्याने पाठवलेत, माझ्या वाट्यातून वळते करायचे असं लेखी ठरवून, लेखी मीच मागितलं.

अजून एक, जे आम्हाला सीएने सांगितलं आणि माझा सगळा हिशोबच बदलला. माझ्या वाट्याच्या नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्स आहे, घराची मूळ किंमत १ एप्रिल २००१ ची धरतात त्यामुळे थोडा कमी होतो, पण आहे. दुसरं घर घेतलं तर सूट, दोन वर्षांच्या आत. जुनं गृहकर्ज फेडलं तर सूट नाही! मी दोन वर्षं मनात धरून चालले होते की येतील ते सगळे कर्जात टाकू. धाकटा परदेशात म्हणून त्याच्या वाट्याचा टीडीएसही वेगळा. तेव्हा पैसे यायच्या आधी सीएकडे जा, आल्यावर नाही.

आत्ताची स्थिती अशी की ऑब्जेक्शन्स सगळी निघालीत, कोणाचं कॅव्हिएट, म्हणजे प्रोबेटला हरकत, नाही, दुसरी पार्टी थांबलीय, नवराबायको आणि एक लहान मुलगी, तिला गॅलरी फार आवडली. या रविवारी घर उघडायची पाळी माझी. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून ठेवायचे, मोरीच्या जाळीत डांबरगोळ्या टाकायच्या. दादाचा आत्तापर्यंतचा खर्च तिघांत वाटून माझ्या वाट्याला किती येतो ते मी काल काढून त्याला पाठवलं, म्हणाला राहू दे. मी म्हटलं राहू नाही द्यायचं, लिहून ठेव.