फाट्यावरचा नवा बोर्ड

आज सकाळी गावाकडं गेलो तर फाट्यावर नवाकोरा बोर्ड. ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा.’ झालं, मिटला प्रश्न! धुळे-सोलापूर हायवे चौपदरी झाल्यापासून आम्ही या फाट्यावरचं रक्त बघतोय, आणि साहेबांनी दिलं काय, तर पत्रा.

नानांच्या (माझे चुलते) अपघाताचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. गाव हायवेच्या या अंगाला, डेअरी त्या अंगाला. नियमानं जायचं तर साडेतीन किलोमीटरवर वळण, म्हणजे 200 मीटरवरच्या डेअरीसाठी सात किलोमीटरचा फेरा. रोज दोन टाइम. नाना काय, सगळा गाव डिव्हायडरच्या फटीतून जातो. त्या दिवशी पहाटे गाडीला दुधाचे दोन कॅन, आणि गेवराईकडून भरधाव कार. मांडीत रॉड बसला. दोन म्हशी विकल्या.

ग्रुपवर लगेच एक शहाणा म्हणाला, ‘खेड्यातल्या लोकांना शिस्तच नाही.’ अरे बाबा, तू रोज सात किलोमीटर पेट्रोल जाळून दाखव, मग शिस्त शिकव. हेल्मेट नव्हतं, मान्य. पोरं ट्रिपल सीट राँग साइडनं येतात, तेही मान्य. पण माणूस चुकणारच हे धरून रस्ता बांधायचा असतो. स्वीडननं 1997 साली हेच धोरण म्हणून स्वीकारलं. चूक झाली तरी जीव जाऊ नये, असा रस्ता पाहिजे. गडकरी साहेब स्वतः किती वेळा जाहीर बोलले की सदोष डीपीआरमुळं (म्हणजे रस्त्याच्या सविस्तर प्रकल्प अहवालामुळं) माणसं मरतात. मग इथं दोष नानांचा कसा?

आम्हाला काय विमानतळ पाहिजे का? फाट्याखालून ट्रॅक्टर जाईल एवढा अंडरपास. दोन्ही बाजूंनी सर्व्हिस रोड, म्हणजे राँग साइडची गरजच उरणार नाही. बसथांब्याला मुख्य रस्त्यापासून आत जागा. चार दिवे. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या अंधारात मुंगीच्या चालीनं जातात, मागून ताशी शंभरच्या गाड्या. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे शाळेतल्या पोरालाही येतं. बोर्ड वाचून कुणाचा वेग उतरलाय?

हायवे चांगला झालाय, नाही म्हणत नाही. त्याच रस्त्यानं नानांना वेळेत संभाजीनगरला नेता आलं.

आता खरी गंमत ऐका. ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवायचा नियम आहे: 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत 5 गंभीर अपघात, नाहीतर 10 मृत्यू. आणि हे मोजायचं पोलिसांच्या नोंदीवरून. नानांनी केसच केली नाही. ‘कारवाल्याची काय चूक? लेकरंबाळं होती गाडीत.’ म्हणजे रॉड मांडीत आहे, कागदावर नाही. अशा किती मांड्या असतील या पट्ट्यात?

आपल्या बीडनं रस्त्यावर कमी माणसं घालवली का? 3 जून 2014 ला गोपीनाथ मुंडे साहेब दिल्लीत, 14 ऑगस्ट 2022 ला विनायक मेटे साहेब मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर. तेव्हा सगळे हळहळले. दूधवाल्यासाठी कोण हळहळणार?

लिहिता लिहिता डोकं तापलं होतं, मध्ये उठून चहा घेतला. नाना ओसरीवर बसलेत. एक कॅन अजून आहे, चेपलेला, काकू त्यात म्हशीची पेंड ठेवते. दुपारी त्यांना बोर्डाचं सांगितलं, म्हटलं, सरकारला जाग आली बघा. ते काठी टेकत सकाळीच बघून आले होते.

म्हणाले, ‘आरं, त्यो असा रोवलाय की फटीत उभं राह्यलं तर गेवराईकडची गाडीच दिसंना.’